आठवी ते बारावीच्या मुलामुलींच्या ‘नात्यातली’ दमदाटी आणि मारहाण : शाळेने नेमकं काय करावं? (नाशिक)

आठवीची_आई

नमस्कार. आमची शाळा गंगापूर रोडच्या बाजूला आहे, आठवी ते बारावीचे वर्ग आहेत. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत प्रेमाच्या नात्यातल्या मुलामुलींच्या आपसातल्या दादागिरीचा विषय निघाला. म्हणजे पासवर्ड मागणं, दर तासाला व्हिडिओ कॉल करून ‘कुठे आहेस, शेजारी कोण आहे, दाखव’ म्हणणं, क्लास सुटला की कॉलेज रोडला गाठून हात पिरगाळणं, ‘सोडलंस तर फोटो व्हायरल करीन’ नाहीतर ‘मी नस कापून घेईन’ अशा धमक्या देणं.

मुख्याध्यापकबाई मनापासून काही करायला तयार आहेत. सध्याचा बेत असा : पोलीस अधिकाऱ्यांचं एक तासाचं व्याख्यान, मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर आणि जिन्यांवर सीसीटीव्ही. एवढं पुरेल का? आणखी काय करता येईल, आणि कायद्याने शाळेला काय करावंच लागतं? ज्यांनी या विषयात काम केलंय त्यांनी कृपया नेमकं सांगावं.

शाळा_समुपदेशक

ताई, व्याख्यान ठेवा, पण सगळ्यात शेवटी. चांगलं व्याख्यान झालं की त्याच आठवड्यात एखादी मुलगी बोलायला येतेच. तेव्हा कोणी काय करायचं हे शाळेत ठरलेलं नसेल तर पहिलीच तक्रार चिघळते. आणि ती कशी हाताळली हे दोन दिवसांत शाळाभर होतं. एकदा बिनसलं की पुढे कोणी तोंड उघडत नाही.

मुली गप्प का बसतात हे आधी लक्षात घ्या. बहुतेक वेळा त्या मुलाला घाबरत नाहीत तेवढ्या घरच्यांना घाबरतात. फोन काढून घेतील, क्लास बंद करतील, दहावी झाली की स्थळं बघायला लागतील. म्हणून शाळा जे पाऊल उचलेल त्याला एकच कसोटी लावा : बोलल्यामुळे त्या मुलीचं काही कमी होतंय का? तिचा वर्ग, बाक, तुकडी, सहल, मैदान, क्लास यातलं काहीही गेलं, तर पाऊल चुकलं. बदल करायचा तो मुलाच्या तुकडीत, त्याच्या सुटण्याच्या वेळेत, त्याच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये.

ऐकून घेण्यासाठी दोन माणसं नेमा, एक शिक्षिका आणि एक शिक्षक. मुलग्यांनाही हा त्रास होतो आणि ते तर आणखी लाजतात. वर्गशिक्षकच हवेत असं नाही. मुलं ज्यांच्याशी आपणहून बोलतात ती माणसं निवडा, मग ती ग्रंथपालबाई असोत की प्रयोगशाळेतले दादा. पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचं ते त्यांनी पाठच करावं : ‘सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी चूक नाही. पुढे काय करायचं ते तुला विचारून ठरवू. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कायद्याने कळवणं भाग असेल, तर मला योग्य ठिकाणी सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगेन.’ ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊच नका, ते पाळता येणार नाही. ‘तू मुळात गेलीसच कशाला?’ हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारायचा नाही.

शाळा हमखास काय चुकतात? दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाकतात’. काही ठिकाणी तर राखी बांधायला लावतात. यात मुलीला बोलताच येत नाही, कारण ज्याला ती घाबरते तो दोन फुटांवर बसलेला असतो. आणि तिने काय काय सांगितलंय हे त्याला अक्षरशः कळतं. माफीपत्र लिहून घेऊन फाईल बंद करणं हाही तसलाच प्रकार. दोघांशी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत बोला, आणि मुलाला ‘तक्रार कोणी केली’ हे सांगू नका. वागणूक दिसली एवढंच सांगा.

‘नस कापून घेईन’ ही धमकी पोकळ समजू नका आणि खरी मानून मुलीला त्याच्याकडे परतही पाठवू नका. त्या मुलाच्या पालकांना त्याच दिवशी बोलवा, १४४१६ या टेलीमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) क्रमांकावर बोलून घ्या, त्याला एकटं सोडू नका. त्याचा जीव सांभाळणं हे मोठ्यांचं काम आहे, पंधरा वर्षांच्या मुलीचं नाही. हे वाक्य तिला स्पष्ट शब्दांत ऐकवा, कारण बहुतेक मुली याच एका ओझ्यापायी नात्यात अडकून राहतात.

आणि नातं तोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे. ‘आता सुटलं एकदाचं’ म्हणून सगळे निर्धास्त होतात, आणि गाठणं, धमकावणं, फोटो पसरवणं तेव्हाच वाढतं. त्या दिवसांत येण्याजाण्याला दोन मैत्रिणी सोबत हव्यात, सुटण्याची वेळ दहा मिनिटं मागेपुढे करावी, आणि एखादा ठरलेला शब्द असावा, जो मेसेजमध्ये आला की घरून कोणीतरी लगेच निघेल.

नकाशावाले_सर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सीसीटीव्हीबद्दल : कॅमेरे लावण्याआधी मुलांकडून नकाशा भरून घ्या. न्यूयॉर्कमधल्या तीस शाळांत सहावी-सातवीच्या मुलांवर ‘शिफ्टिंग बाउंड्रीज’ नावाचा कार्यक्रम राबवून तपासला होता. नुसत्या वर्गातल्या धड्यांनी फारसं हललं नाही. जिथे शाळेच्या इमारतीत बदल केले, म्हणजे धोक्याच्या जागा मुलांकडून शोधून तिथे मोठ्यांचा वावर वाढवला, पोस्टर लावली आणि त्रास देणाऱ्या मुलाकडून अंतर राखण्याचा लेखी करार करून घेतला, तिथे त्रास कमी झालेला दिसला. खर्चही नगण्य.

करायचं असं. शाळेचा आराखडा ए-थ्री कागदावर काढून झेरॉक्स करा : मजले, जिने, स्वच्छतागृहं, सायकल स्टँड, मैदान, मागचं फाटक. दुसऱ्या कागदावर शाळेबाहेरचा रस्ता काढा : सिटीलिंक बसचा थांबा, क्लासच्या गल्ल्या, झेरॉक्सचं दुकान, वडापावची गाडी. मुलामुलींचे गट वेगळे, एका कागदाला चार-पाच जण. नावं लिहायची नाहीत. लाल म्हणजे इथे भीती वाटते, पिवळा म्हणजे कधीकधी, हिरवा म्हणजे निर्धास्त. लाल जागेशेजारी फक्त वेळ लिहायची, ‘मधली सुट्टी’ किंवा ‘५.४० नंतर’. पंचवीस मिनिटं पुरतात. वर्गशिक्षकांनी त्या वेळी वर्गात थांबू नये, दुसऱ्या तुकडीचे शिक्षक बसवावेत.

मग सगळे कागद एकावर एक धरून बघा. मुलग्यांच्या नकाशात हिरवी आणि मुलींच्या नकाशात लाल अशी जी जागा निघेल, तिथे काम आहे. अनेकदा ती जागा जिना नसतेच. प्रयोगशाळेमागची बोळ असते, मैदानाची भिंत असते, नाहीतर शाळा आणि क्लास यांच्या मधली वीस मिनिटं असतात, जी ना शाळेची ना क्लासची.

बिघडतं कुठे तेही सांगतो. काही मुलं गंमत म्हणून कडक सरांच्या केबिनला लाल रंग देतात. त्याने काही अडत नाही, एकाच कागदावर असेल तर सोडून द्या. खरा घोटाळा पुढे होतो. शाळा नकाशा बघून फर्मान काढते, ‘मुलींनी मागच्या मैदानावर जाऊ नये’. मग मुली पुढच्या वेळी सगळं हिरवं रंगवतात आणि नकाशा मेला. जागा बदला, मुलींना हलवू नका. मधल्या सुट्टीत तिथे एका शिक्षकाची पाळी लावा, बंद दिवा सुरू करा, मागच्या फाटकाला वेळेत कुलूप घाला, पाण्याची टाकी तिकडे हलवता आली तर हलवा. वावर वाढला की जागेचा स्वभाव बदलतो. महिन्याने तोच नकाशा पुन्हा भरून घ्या.

रस्त्याच्या नकाशाची एक प्रत क्लासचालकांना द्या आणि एक पोलीस ठाण्यातल्या निर्भया पथकाला. ‘परिसरात गस्त वाढवा’ असं मोघम पत्र दिलं तर गाडी एक फेरी मारून जाते. ‘अमुक गल्ली, सोमवार ते शुक्रवार, ५.४० ते ६.१०’ असं लिहिलं तर गस्त खरोखर त्या वेळेला लावता येते.

वकील_जिल्हा_न्यायालय

कायद्याचं तेवढं सांगते, कारण इथे शाळांचा मोठा गैरसमज असतो.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे आणि अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला, मुलीला आणि मुलालाही, लागू होतो. लैंगिक गुन्हा घडलाय किंवा घडू शकतो हे कळलं की कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपल्याच हाताखालच्या कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर १ वर्षापर्यंत. ‘आधी आमची समिती चौकशी करेल, मग बघू’ हे चालत नाही. शहानिशा करणं पोलिसांचं काम, शाळेचं काम कळवण्याचं. सद्भावनेने कळवलं तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. आणि न कळवल्याची शिक्षा मुलांना लागू नाही, त्यामुळे मैत्रिणींना ‘तुम्हाला माहीत होतं, तुम्हीही अडकाल’ असं कोणी घाबरवू नये.

लैंगिक हेतूने सतत पाठलाग करणं, मोबाईलवरून वारंवार संपर्क करणं, खरे किंवा बनवलेले फोटो पसरवण्याची धमकी देणं हेही पोक्सोच्या कलम ११ मध्ये येतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे, आणि मुलीचा इंटरनेटचा वापर, मेसेज यांच्यावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत.

पण प्रत्येक गोष्ट पोक्सो नसते. ‘त्या ग्रुपवर बोलू नकोस’ म्हणून दटावणं, रुसून चारचौघांत अपमान करणं, मैत्रिणी तोडायला लावणं ही हिंसेची सुरुवातच आहे, पण ती शाळेने आणि समुपदेशकांनी हाताळायची. हा फरक नेमलेल्या दोन्ही माणसांना नीट शिकवा. नाहीतर एक तर सगळंच पोलिसांत जातं, किंवा काहीच जात नाही.

मुलीला धीर देताना हे सांगता येतं : तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकारी घेतात, त्याही गणवेशात नसतात. रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती तिला सोबतीला आधार व्यक्ती देऊ शकते. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. दोघांचीही नावं कुठेही उघड करता येत नाहीत. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमक्याच्या मुलाने असं केलं’ लिहिणारे पालक स्वतःच कायदा मोडत असतात, हे सभेत मोठ्याने सांगा.

आठवीची_आई

सगळ्यांचे खूप आभार. दोन शंका. फोटोची धमकी आली असेल तर पहिल्या तासात काय करायचं? आणि मुलगी म्हणाली, ‘घरी सांगू नका, लग्न लावून देतील’, तर?

सायबर_प्रशिक्षक

पहिल्या शंकेचं उत्तर देतो. सगळ्यात आधी, काही पुसायचं नाही आणि पैसे किंवा नवा फोटो द्यायचा नाही. एकदा दिलं की मागणी वाढतेच. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, पण त्यात तारीख, वेळ आणि समोरच्याचं युजरनेम दिसलं पाहिजे. इन्स्टाग्रामवर नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा.

पुरावा म्हणून धमकी जपायची, नग्न फोटो नाही. शिक्षकांनी तो स्वतःच्या फोनवर मागवू नये, मुख्याध्यापकांना ‘बघा’ म्हणून पाठवू नये. अल्पवयीन मुलीचा असा फोटो साठवणं आणि पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. तो फोटो तिच्या फोनमध्येच राहू द्या, पोलीस बघतील.

मग ॲपमध्येच तक्रार करा. २०२१ च्या नियमांत असा फोटो तक्रारीनंतर काढून टाकायला कंपन्यांना २४ तासांची मुदत ठेवली होती. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो अपलोड होत नाही. तिच्याच फोनवर फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारा फोटो अडवतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये मात्र हे चालत नाही, म्हणून यावर विसंबून पोलीस तक्रार टाळू नका. सरकारच्या राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते.

पाळत तोडण्याचं काम दुसऱ्या, भरवशाच्या फोनवरून करा. आधी गुगल खात्याचा पासवर्ड, मग इन्स्टाग्रामचा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. तिथे तिच्या ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर लॉगआउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. बहुतेक वेळा मेसेज ‘हॅक’ झालेले नसतात, एकदा दोन मिनिटं फोन हातात घेऊन व्हॉट्सॲप वेब जोडलेलं असतं. गुगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग बंद करा, स्नॅपचॅटवर घोस्ट मोड लावा. फक्त हे सगळं ती घरी आणि सोबतीत असताना करा. अचानक सगळं बंद झालं की समोरचा बिथरतो आणि दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहतो.

शाळा_समुपदेशक

दुसऱ्या शंकेबद्दल. ‘घरी सांगू नका’ म्हणाली की आधी विचारा, ‘घरात कोणाला सांगितलं तर तू सुरक्षित राहशील?’ आई नसेल तर मावशी निघते, आत्या निघते, मोठी बहीण निघते. त्या व्यक्तीला शाळेत बोलवा, फोनवर सांगू नका. पालकांशी बोलताना पहिलं वाक्य, ‘तुमच्या मुलीला त्रास दिला जातोय आणि तिने हिमतीने सांगितलं’. ‘तुमच्या मुलीचं एका मुलाबरोबर...’ अशी सुरुवात झाली की पुढचं कोणी ऐकत नाही. तिची शाळा आणि क्लास चालू राहील एवढं एकच त्यांच्याकडून त्या दिवशी कबूल करून घ्या, आणि आठवड्याने पुन्हा भेटायची तारीख ठरवा.

लग्नाचं खरंच घाटत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो चोवीस तास चालतो. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. दिंडोरी, निफाडकडून एसटीने येणाऱ्या मुलींच्या बाबतीत लग्न गावी ठरतं, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) असतात हे शाळेला माहीत हवं. सलग तीन-चार दिवस गैरहजेरी लागली तर वर्गशिक्षकांनी वाट बघू नये. भीती किंवा झोप न येण्यासाठी सरकारी रुग्णालयांतली किशोरवयीनांची ‘मैत्री’ क्लिनिकं मोफत आहेत.

मैदानावरचा_कोच

स्वसंरक्षणाच्या शिबिराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. शिबिर जरूर घ्या, मुलींचा आत्मविश्वास वाढतो. पण ओळखीच्या, आवडत्या मुलावर कोणी कोपर मारत नाही. त्रास थांबायचा असेल तर मुलग्यांबरोबर काम हवं, आणि ते भाषणाने होत नाही.

मुंबईत ‘परिवर्तन’ नावाचा कार्यक्रम क्रिकेट कोचमार्फत चालवला होता, मूळ अमेरिकेतल्या ‘कोचिंग बॉइज इन्टू मेन’वर बेतलेला. त्या मूळ कार्यक्रमाची पद्धत अशी : सरावाआधी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं, एक विषय, तीनएक महिने. मुलं कोचचं ऐकतात, कारण संघात कोणाला घ्यायचं हे त्याच्या हातात असतं. विषय अगदी साधे ठेवा : तिने ‘नको’ म्हटल्यावर पहिले दोन दिवस काय करायचं, मित्र तिचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतोय तेव्हा आपण काय बोलायचं, ‘भावा, तुझी आयटम त्याच्याशी बोलत होती’ म्हणून पेटवणाऱ्याला कसं थांबवायचं. शेवटचा फार महत्त्वाचा. मारामारीच्या मागे बरेचदा तो एकटा नसतो, चार मित्रांनी चढवलेला असतो. वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या आणि मोठ्याने म्हणायला लावा : ‘सोड ना यार, तिने नाही म्हटलंय’, ‘हा फोटो डिलीट कर, मी बघणार नाही’. तोंडाला सवय नसलेलं वाक्य आयत्या वेळी सुचत नाही.

शाळेबाहेर हे काम ढोल पथकांत फार छान होतं. गणपतीआधीचे दोन महिने रोज संध्याकाळी मुलंमुली एकत्र सरावाला येतात, घरी जायला उशीर होतो. पथकप्रमुखांना दोनच गोष्टी सांगा : सराव संपल्यावर मुली कोणाबरोबर निघाल्या याची वही, आणि त्रास देणारा कितीही चांगला वादक असला तरी त्या वर्षी मिरवणुकीत नाही, हा नियम पहिल्याच दिवशी जाहीर करायचा. नवरात्रात कालिकेच्या यात्रेच्या दिवसांत मंडळांनाही हेच लागू.

नकाशावाले_सर

ताई, एक राहिलं. राज्य शासनाच्या मार्च २०२२ च्या निर्णयाप्रमाणे शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. वेगळी नवी समिती काढू नका, तिलाच हे काम द्या. तिच्या नोंदवहीत घटना, वेळ, जागा आणि शाळेने काय केलं एवढंच लिहा, मुलीचं नाव वेगळ्या बंद पाकिटात.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर लावू नका, तिथे चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आत एक आणि ग्रंथालयात एक लावा. दर शुक्रवारी दोघांनी मिळून उघडायची, एक किल्ली समितीतल्या पालक सदस्याकडे. पेटी रिकामी निघाली तरी तसं लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. आणि पेटीशेजारी साधं वहीचं कोरं पान आणि पेन्सिल ठेवा. शाळेच्या छापील फॉर्मवर ‘नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक’ असे रकाने असतात, ते बघूनच मुली परत फिरतात.